पंधरा घोडे जास्तीचे

आमच्या घरात सबंध एक वर्ष पंधरा घोड्यांवरून भांडण चाललं होतं, आणि त्यातला एकही घोडा कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आबांचं म्हणणं, ट्रॅक्टर पस्तीसचा घ्यावा. दादांचं म्हणणं, घ्यायचा तर पन्नासचाच, नाहीतर बैलं काय वाईट आहेत! आबा म्हणजे माझे मोठे चुलते, घराचे कारभारी. दादा म्हणजे माझे वडील, आबांचे धाकटे भाऊ. इंजिनाचा जोर घोड्यांत मोजतात हे कुठूनतरी घरात कळलं आणि तेव्हापासून एचपी हा शब्द आमच्याकडे कुणी वापरलाच नाही. मोठी माय, म्हणजे आबांची बायको, भाकरी थापता थापता म्हणायची, "आणा की पन्नास घोडे. फकस्त त्यांची लीद कोण काढणार ते आधी ठरवा." माझी माय तोंडाला पदर लावून हसायची. दादांना ते लागायचं. ताटावरून अर्धवट उठायचे, मग मागच्या दाराने येऊन उरलेली भाकरी खायचे. भांडण असलं तरी दादा उपाशी राहिलेले मी कधी पाहिले नाहीत.

आमचं गाव वसमत आणि औंढ्याच्या मधलं. कालव्याचं पाणी आलेलं, त्यामुळे खालच्या रानात ऊस आणि हळद, वरच्या रानात कापूस, ज्वारी. हिवाळा सरला की हळद शिजवायच्या कढया पेटायच्या आणि सगळ्या गावाला तो एकच वास यायचा, मातीचा, धुराचा आणि कसलातरी कडवट. आमच्या केसांना, गोधड्यांना, पाण्यालासुद्धा. गावात तोवर एकच ट्रॅक्टर होता, पाटलांचा, पस्तीसचा. उसाची ट्रॉली भरून नाल्याचा चढ चढताना त्याची पुढची चाकं उचलली जायची आणि सगळं गाव कामधाम सोडून बघत राहायचं. दादा तर हमखास. घरी येऊन आबांना सांगायचे, "बघितलं का? आज पुन्हा उचलला. त्येच्यात दम न्हाई." आबा शांतपणे पान लावत म्हणायचे, "वरीसभरात तो चढ किती डाव चढायचा हाय आपल्याला? बाकीच्या दिवशी त्या पंधरा घोड्यांनी बसून खायाचं का?" आबांचा हिशेब बरोबर होता. दादांचाही चूक नव्हता. दोघंही खरं बोलत असले की घरात लई वाईट होतं. कुणाची बाजू घ्यावी कळत नाही, आणि मला तर बाजू घेतल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. मी दादांच्या बाजूने होते. मला काय, मोठं ते चांगलं.

या भांडणात ज्या माणसाचं मत शेवटी चाललं ते गिरजाआत्याचं. गिरजाआत्या या दोघा भावांच्या पाठची बहीण, पण दादांना ती लहानपणापासून किसना अशी नावानेच हाक मारायची. तिच्या नवऱ्याने दुसरी बायको घरात आणली आणि आत्या माहेरी परत आली, ती मी पाळण्यात असताना. माहेरी परत आलेल्या बाईचं काय होतं ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. ती सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या नंतर जेवते, आणि भावजयांच्या तोंडाकडे बघून बोलते. आत्या मात्र तशी नव्हती. तिच्या नावावर माळाचं रान होतं. आजोबा वारले तेव्हा तिने दोघा भावांच्या नावाने हक्कसोड लिहून दिली होती, बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी सोडला म्हणून. लेकींनी सही करायची आणि भावांनी तिला चोळीबांगडीला म्हणून एखादा तुकडा द्यायचा, ही रीत. आत्याला माळ मिळाला. कालव्याच्या वर, पाण्याशिवायचा, वीत-दीड वीत काळी माती आणि खाली नुसती पांढरी चुनखडी. पण आत्याने त्या मातीचं सोनं केलं होतं. भुईमूग, तीळ, मूग, धुऱ्याने, म्हणजे बांधाने, अंबाडी. तिचा भुईमूग बारीक दाण्याचा, पण तोंडात टाकला की तेल सुटायचं. वसमतच्या बाजारात बाया तिची टोपली येण्याची वाट बघायच्या. बाजारातून येताना ती स्वतःचं लुगडं आणायची आणि स्वतःच्या ज्वारीचं पोतं घरच्या कणगीत ओतायची. ओतताना मोठ्याने म्हणायची, "हे माझ्या वाटचं." एकदा शेजारणीने कुचकटपणे विचारलं, भावाकडं कसं चाललंय म्हणून. आत्या म्हणाली, "भावाकडं राहते गं, भावाच्या ताटात न्हाई." ती जेवायला सगळ्यांबरोबर बसायची, मांडी घालून, पोटभर. तिचं घरातलं सगळं स्थान त्या दीड वीत मातीवर उभं होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. घरातल्या बायांना मात्र चांगलं कळत होतं.

आत्या दादांच्या बाजूने का बोलली, त्याला कारण होतं. तिला सासरहून आणायला दादा गेले होते, बैलगाडी घेऊन. तिच्या सासरचे तिला सोडायला तयार नव्हते. घरी राबायला बाई पाहिजेच होती ना, एक होती तशी आणखी एक. दादांनी तिला गाडीत बसवलं आणि निघाले, तर मागून तिचे दीर चालत येऊ लागले, शिव्या देत. आडव्या आलेल्या टेकडीच्या चढावर आमचा एक बैल बसला. उठेना. तेव्हा दादांनी त्याला जोखडातून सोडला, आणि स्वतः खांदा देऊन दुसऱ्या बैलाच्या जोडीने गाडी वर ओढली. आत्या सांगायची, "त्येचा खांदा सोलून रगत आलतं. मी म्हणलं किसना, मी उतरते. तर म्हणला, उतरलीस तर जित्ती न्हाई ठेवत." हे सांगताना ती हसायची आणि डोळेही पुसायची. त्या दिवसापासून दादांच्या डोक्यात जोर बसला. पुरेसा जोर त्यांना पुरेसा वाटतच नसे. म्हणून भांडण टोकाला गेलं तेव्हा आत्या आबांना म्हणाली, "आबा, घेऊ द्या त्याला पन्नासचा. जोर कमी पडला की काय व्हतं ते आमी दोघांनी बघितलंय." आबांनी तिचा शब्द कधी मोडला नव्हता. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "बरं. तुझ्या तोंडाकडं बघून."

ट्रॅक्टर आला तो दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. आबा आणि दादा शहरातून तो घेऊन औंढ्याला नागनाथाच्या पायाशी आणून, नारळ फोडून, मग गावात आले. फाट्यावर होते तेव्हाच आवाज ऐकू आला. पाटलांचा ट्रॅक्टर टकटक करायचा. हा नुसता घुमत होता, पोटातून. आम्ही पोरं पळालो. दादा वर बसलेले, डोक्याला नवा पटका, आणि आबा मडगार्डवर जीव मुठीत धरून. वेशीत मोठी माय म्हणाली, "अगं बया, हा तर एकटाच हाय! बाकीचे एकोणपन्नास मागून येऊन राहिले का काय?" हशा झाला. आत्याने औक्षण केलं, आधी इंजिनाचं, मग भावाचं. दादा वाकून तिच्या पाया पडले, धाकटी बहीण असून. सगळ्यांदेखत म्हणाले, "पहिलं तास तुझ्या माळात." आमच्या घराण्यात तशी रीतच होती. नवा बैल आला, नवं आउत आलं, की पहिली नांगरट लेकीच्या रानात. लेकीचं रान नांगरलं की आउताला बरकत येते म्हणतात. आत्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं होतं ते मी नंतर तिच्या चेहऱ्यावर कधीच पाहिलं नाही.

पाडव्याचा मुहूर्त धरला. सकाळी गुढी उभारली, कडुलिंबाचा पाला आणि गूळ खाल्ला, आणि दादा नांगर जोडून माळाकडे गेले. घरात आत्या आणि मी. आत्याला नैवेद्य करायचा होता. पहिल्या तासाला पुरणपोळी दाखवायची म्हणून तिने स्वतःच्या हाताने पुरण वाटलं, कटाची आमटी केली, येसराचा मसाला टाकून. मी पोळ्यांची टोपली घेतली, आत्याने आमटीचं भांडं चुंबळीवर ठेवलं, आणि आम्ही निघालो. रस्त्याने ती गात होती. बेसूर गायची, पण गायची. लांबून इंजिनाचा आवाज येत होता, सलग, एकसारखा. आत्या म्हणाली, "ऐक कशी गाणं म्हणून राहिली मशीन. बैलाला एवढ्यात फेस आला असता."

धुऱ्यावर चढलो आणि आत्या थांबली. मला आधी काहीच समजलं नाही. मला वाटलं रानात कुणी चुना टाकलाय. वरची काळी माती कुठे दिसतच नव्हती. मोठमोठी पांढरी ढेकळं एकावर एक पालथी पडलेली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. काळी माती खाली गाडली गेली होती आणि चुनखडी वर आली होती. एवढ्याशा राहिलेल्या पट्ट्यावर दादा अजून चालवत होते. आत्याने भांडं खाली ठेवलं नाही, टाकलं. दोन्ही हात वर करून ओरडत ती त्या ढेकळांतून पळाली, "किसना! अरे किसना! थांब!" इंजिनाच्या आवाजात दादांना ऐकू गेलं नाही. त्यांनी वळून तिला हात वर करून पळत येताना पाहिलं, आणि त्यांना वाटलं आनंदाने येतेय. त्यांनी डोक्याचा पटका काढला आणि हवेत फडकावला. हसत होते. पटका फडकवतच त्यांनी ते शेवटचं तासही काढून टाकलं.

इंजिन बंद झालं तेव्हा आत्या एका ढेकळावर बसलेली होती. पांढरी माती चिमटीत घेऊन बघत होती. दादा म्हणाले, "काय गिरजे, कसं झालं?" मग तिच्या हाताकडे पाहिलं. मग रानाकडे. पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण चालवताना माणूस पुढे बघतो, माती मागे उलटते. पण चूक दिसली म्हणून मान खाली घालायची हे दादांच्या रक्तात नव्हतं. म्हणाले, "खोल गेलं तर चांगलंच की. मुळ्या खाली जातेन. दुकानवाला बी तेच म्हणला, जितकं खोल तितकं पीक." तेवढ्यात आबा आले. खाली बसले, एक ढेकूळ फोडलं, वास घेतला आणि विचारलं, "खालची लागली तवा थांबला काहून न्हाईस?"

"थांबायला काय झालतं? इंजिनानं एक डाव कुरकुर केली न्हाई."

एवढंच ते उत्तर होतं, आणि ते अगदी खरं होतं. इतकी वर्षं त्या माळावर बैलांचा नांगर चालला. चुनखडीला फाळ टेकला की बैल थांबायचे, नांगर वर यायचा, माणूस समजायचा की इथवरच आपलं. पाटलांचा पस्तीसचा असता तरी गुरगुरला असता, काळा धूर टाकून बंद पडला असता, आणि चालवणाऱ्याने शिव्या देत नांगर वर घेतला असता. पन्नासला खालची आणि वरची एकच. त्याने आत्याचं रान उलटं केलं आणि त्याला कळलंसुद्धा नाही. आता माझी पन्नाशी उलटली, माझ्याकडे भाचे-पुतणे येतात आणि विचारतात, आक्का, पंचेचाळीसचा घ्यावा का पंचावन्नचा. मी म्हणते, ओढायचं असेल तर मोठा घ्या बाबांनो, नांगरायचं असेल तर आधी कुदळ घेऊन आपल्या रानात खड्डा खणा आणि खाली काय आहे ते बघा. ते हसतात. त्यांना वाटतं म्हातारी गंमत करतेय.

त्या पावसाळ्यात आत्याने पेरलं. सगळे म्हणत होते, एका पावसात माती बसेल. भुईमूग उगवला आणि पिवळा पडला. रोपं बोटभर वाढायची आणि तिथेच थांबायची, पानं कावीळ झाल्यासारखी. तिळाचं तर नावच नको. पाऊस पडला की रान वरून राख फासल्यासारखं पांढरं व्हायचं आणि ऊन पडलं की दगड. दादांनी शब्द दिला होता की तळ्यातला गाळ आणून टाकतो, चार-दोन ट्रॉल्या काय, पन्नास ट्रॉल्या टाकतो, पुन्हा काळं करून देतो. आणि ते करताही आलं असतं, तेवढा जोर त्या ट्रॅक्टरमध्ये होताच. पण त्या जोरामुळेच त्याला सवड नव्हती! दोन ट्रॉल्या उसाच्या जोडून तो नाल्याचा चढ असा चढायचा की लोक टाळ्या वाजवायचे. कारखाना सुरू झाला की त्याला आमच्या अंगणात पाय ठेवायला वेळ नसायचा. उन्हाळ्यात दूरदूरच्या गावांहून माणसं नांगरटीला बोलवायला यायची. घरात बरकत आली, हे खोटं कशाला बोलू? पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न थाटात झालं. ते पंधरा घोडे फुकट गेले असं कुणीच म्हणू शकलं नसतं. आत्या विचारायची, "किसना, गाळाचं?" आणि दादा हात धुता धुता म्हणायचे, "उद्या. उद्या नक्की." तळं भरायचं, आटायचं, पुन्हा भरायचं.

आत्या काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, आमच्या घरात भांडणाची सगळ्यांना सवय होती. तिने फक्त आमच्याबरोबर जेवायला बसणं सोडलं. आधी म्हणाली भूक नाही. मग म्हणाली मागून बसते. मग ते कुणी विचारीनासं झालं. ती सगळ्यांना वाढायची आणि शेवटी चुलीपाशी बसून दोन घास खायची. मी एकदा तिचा हात धरून ओढला, "चल ना गं आत्या, काहून असं करून राहिलीस?" तर हात सोडवून घेत म्हणाली, "कणगीत आता माझं काय हाय?" मी रागाने मायला जाऊन सांगितलं. माय भाजी निवडत होती. म्हणाली, "मग आमी काय करावं? आमी तिला उठवलंय का पाटावरून?" माय वाईट नव्हती. पण तिने पूर्वी आत्याला "गिरजाबाई, बसता का" म्हणायची सवय लावून घेतली होती, ती हळूहळू "गिरजाबाई, तेवढी भांडी बघा" अशी झाली. कुणी मुद्दाम केलं नाही. त्याच सुमाराला आत्याच्या सासरहून निरोप आला की दुसरी सारखी आजारी असते, घराला हात पाहिजे, येत असली तर येऊ द्या. पूर्वी असा निरोप आला की आत्या मोठ्याने हसायची. त्या दिवशी तिने निरोप्याला पाणी दिलं आणि पाणी पिऊन होईपर्यंत त्याच्याजवळ उभी राहिली. मला त्याची इतकी भीती वाटली की मी त्या माणसाला दारातून अक्षरशः हाकललं.

आणि मग ती भाऊबीज. अंगणात पाट मांडलेले, रांगोळी काढलेली, फराळाची ताटं. आबा आणि दादा शेजारी शेजारी बसलेले. आत्याने दोघांना कुंकू लावलं, ओवाळलं. आबांनी तिच्या ताटात लुगडं ठेवलं. दादांनी खिशात हात घातला आणि खुशीत म्हणाले, "माग गिरजे, काय पायजे ते माग. औंदा कारखान्यानं चांगलं दिलंय." ते दर वर्षी असं म्हणायचे आणि आत्या दर वर्षी म्हणायची, तू सुखी राहा. त्या वर्षी तिने ताट हातातच धरून ठेवलं. निरांजनाचा उजेड तिच्या हनुवटीवर हलत होता. ती म्हणाली, "माझा वाटा दे."

कुणाला कळलं नाही. दादांनी विचारलं, "कशाचा?"

"बापाच्या जमिनीचा. खालच्या रानातला. जास्त न्हाई, माळ व्हता तेवढाच दे. पण काळीतला दे आणि माझ्या नावानं दे."

आबा पटकन म्हणाले, "माझ्याकडून दिला." खरंच पटकन म्हणाले, ते माणूस तसंच होतं. पण आबा वरचं रान वाहायचे, खालच्या रानातला रस्त्याकडेचा तुकडा दादांच्या वहितीत होता, द्यायचा तर तोच द्यावा लागणार होता, आणि स्वयंपाकघराच्या दारातून माय बोललीच, "माझ्या लेकरांच्या तोंडचं काढून द्यायचं का आता? गिरजाबाई, तुमी सही केली व्हती." दादांचा हात खिशातच राहिला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. नाल्याचा चढ, टेकडीचा चढ, सगळं ओढून नेणारा माणूस, तो पाटाची कड नखाने खरवडत बसला. शेवटी मान वर न करता म्हणाले, "सही तर तू केलीच व्हतीस, गिरजे."

"व्हय, केली," आत्या म्हणाली. "तवा माळ जित्ता व्हता."

तिने ताट खाली ठेवलं, दोघा भावांच्या हातावर करंजी ठेवली, रीत पुरी केली, आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती वसमतला गेली. सासरी नाही गेली, देवाची कृपा. तिकडे हळदीच्या गोदामात निवडायला बाया लागायच्या, तिथे लागली आणि एक खोली घेऊन राहिली. दादा धान्य घेऊन जायचे, ट्रॅक्टर गल्लीत शिरायचा नाही म्हणून चौकात उभा करून पोतं पाठीवर टाकून न्यायचे. आत्या पोतं आत घ्यायची नाही. दादा ते तिच्या दाराशी ठेवून यायचे, आणि ती ते शेजारपाजारच्या बायांना वाटून टाकायची. भाऊबीजेला आबा तिच्याकडे जायचे. दादांना तिने बोलावलं नाही आणि दादा गेले नाहीत. माळ तसाच पडला, बाभळी उगवल्या. घरात आत्याचं नाव निघालं की दादा उठून ट्रॅक्टर पुसायला जायचे. मला त्यांचा राग राग यायचा. मी तोंडावर बोलायचे, आणि ते ऐकून घ्यायचे, जे त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाचं ऐकलं नव्हतं.

पुढे माझं लग्न झालं, औंढ्याकडेच दिलं मला. आबा गेले. दादांचे गुडघे गेले. आणि एक दिवस माझ्या धाकट्या भावाचा, संतोषचा निरोप आला की ये, कागदावर सही करायची आहे. दादा हयात असतानाच जमीन त्याच्या नावावर करायची होती, आणि कायदा बदललेला, आता लेकींच्याही सह्या पाहिजेत म्हणाले. मोठ्या बहिणीने आधीच करून टाकली होती. संतोष चांगला पोरगा, साडी आणून ठेवली होती, जेवायला धपाटे आणि दही. आक्का, ही इथं, आणि ही इथं, असं बोट लावून दाखवत होता. दादा बाजेवर पाय लांब करून बसलेले, तंबाखू मळत. माय भिंतीला टेकलेली. मी पेन हातात घेतलं. खरं सांगते, मी सही करणारच होते. भावाशी वाईटपणा कोण घेतो? माहेर पाहिजे ना बाईला.

दादा म्हणाले, "कुसे, पेन ठेव."

संतोषला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "दादा, कागद तर तुमीच करायला सांगितला."

"सांगितला व्हता. आता न्हाई म्हणून राहिलो. हिचा वाटा हिच्याच नावानं राहू दे."

"पण काहून?"

दादा तंबाखू मळतच राहिले. मग म्हणाले, "गिरजीनं सही केली व्हती." मी पेन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी वसमतला गेले, आत्याला सांगायला. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती गोदामाच्या ओसरीत बायांमध्ये बसून हळकुंडं निवडत होती, हात कोपरापर्यंत पिवळे. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मग तिचा चेहरा असा झाला की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. म्हणाली, "तुला दिलं ते चांगलं केलं. पण मला सांग कुसे, मला तवा असं काहून न्हाई म्हणला तो?" मी म्हटलं, "चल. त्यालाच विचार." मला वाटलं नव्हतं ती येईल. ती उठली, हात धुतले, हळद काही निघाली नाही, तशीच पदर खोचून माझ्याबरोबर स्टँडवर आली.

इतक्या वर्षांनी ती आमच्या अंगणात आली. दादा बाजेवरून उठायला लागले तर म्हणाली, "बस." स्वतः उभीच राहिली. आणि मला विचारलं तेच, त्याच शब्दांत, भावाला विचारलं. दादांनी पाय बाजेखाली सोडले. मग ते म्हणाले, "मला वाटलं, तुला जमीन कशाला पायजे? मी हाय ना. माझ्यात जोर हाय तवर तुला काय कमी पडणार हाय? मी तुला जन्मभर पोसीन, असं वाटलं मला, गिरजे."

"मला पोसून घ्यायचं न्हवतं, किसना," आत्या म्हणाली. "कणगीत माझ्या वाटचं असतं तर मी बसले असते की रे ताटाला तुमच्यासंगं."

दादा म्हातारे होऊन लहान लेकरासारखे रडले. आत्याने त्यांना रडू दिलं, पाण्याचा तांब्या जवळ सरकवून ठेवला. मायने पाट मांडला आणि जेवून जा म्हणाली. आत्या म्हणाली, "नगं, गोदामात सांगून आले न्हाई." संध्याकाळच्या बसने ती परत गेली. राहा म्हणायची छाती आमच्यापैकी कुणाची झाली नाही.